धुऱ्यापलीकडची गारपीट

पाऊस गावभर पडतो. गारपीट मात्र पट्ट्याने येते. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. फाल्गुनातील एखाद्या दुपारी आभाळ काळवंडते, वारा एकाएकी पडतो, मग उलट दिशेने थंडगार झोत येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सारे आटोपते. ढग निघून गेल्यावर वावरात जाऊन पाहावे, तर एकाचा गहू भुईसपाट झालेला, हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात रुतलेले. आणि धुऱ्यापलीकडे दुसऱ्याचा गहू जसाच्या तसा उभा. मधला धुरा जेमतेम दोन हातांचा.

अशा वेळी वाचलेल्या माणसाच्या तोंडून सहज निघून जाते, “देवाने वाचवले.” उद्गार भाबडा असेल, पण खोटा नाही. उपकार मानणारे मन त्यात आहे. तथापि धुऱ्यापलीकडे चिखलात उभा असलेला शेजारी तो ऐकत असेल, तर त्याने त्यातून काय समजावे? देवाने याला वाचवले, म्हणजे मला वाचवले नाही? आणि का नाही? या प्रश्नाला आपल्या घराघरांतून, मिस्सेनंतर चर्चच्या अंगणातून, मर्तिकाच्या घरी बसलेल्या मंडळींतून जी उत्तरे दिली जातात, ती एकदा नीट तपासून पाहावीत असे आम्हांला वाटते. कारण ती देताना आपण केवळ वाऱ्याविषयी बोलत नसतो. देवाविषयी आणि शेजाऱ्याविषयी बोलत असतो.

आधी वाऱ्याचेच पाहू. उन्हाळ्यात रिकाम्या वावरातून धुळीचा खांब गरगरत जातो, त्याला आपण वावटळ म्हणतो. ती तापलेल्या जमिनीतून वर चढते, वर आभाळ निरभ्र असते, आणि पालापाचोळा, फार तर एखाद्या झोपडीचे छप्पर घेऊन ती विरून जाते. तिच्यात भूत आहे असे सांगून जुनी माणसे मुलांना बाजूला ओढीत. अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रांतांत ज्याला टॉर्नेडो म्हणतात, तो दिसायला तिचा थोरला भाऊ. पण त्याचे कूळ निराळे. तो जमिनीतून निघत नाही, मेघातून उतरतो. खाली दमट उष्ण हवा, वर कोरडी थंड हवा आणि उंचीबरोबर दिशा व वेग बदलणारा वारा, असे तिन्ही जुळून आले म्हणजे प्रचंड मेघच स्वतःभोवती फिरू लागतो आणि कधीकधी त्याची सोंड भुईला टेकते. आपल्याकडे असे प्रकार घडतात ते मुख्यतः पूर्वेकडे, बंगाल व ओडिशाच्या बाजूला. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात उतरलेल्या टॉर्नेडोने सुमारे तेराशे माणसे नेली. ज्ञात इतिहासातील तो सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो मानला जातो. ३१ मार्च २०२४ रोजी, नेमक्या पुनरुत्थानाच्या रविवारी, पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात मैनागुडीच्या परिसरावर अशाच वाऱ्याने घाला घातला आणि पाच माणसे दगावली.

विदर्भाच्या वाट्याला ही सोंड सहसा येत नाही. तिची भावंडे मात्र येतात: गारपीट, सरळ रेषेत झोडपत जाणारा झंझावात आणि वीज. उत्तरेकडची कोरडी थंड हवा आणि दोन्ही समुद्रांवरून आलेले बाष्प यांची गाठ विदर्भाच्या तापू लागलेल्या भूमीवर पडते, तेव्हा मेघ दहा-बारा किलोमीटर उंच चढतात आणि त्यांच्या पोटात गारा घडू लागतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांना गारपिटीने झोडपले. त्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला होता. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ च्या रविवारी पुन्हा विदर्भ-मराठवाड्यात गारा कोसळल्या, तेव्हाही राखेचा बुधवार तीनच दिवसांवर आला होता. हा योगायोग आहे, त्याहून अधिक काही नाही. परंतु ज्या सप्ताहात आपण कपाळावर राख लावून घेतो, त्याच सप्ताहात या भागातील रब्बीचे पीक हाताशी आलेले असते, हे किनाऱ्याकडील आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. गव्हाच्या ओंब्या भरलेल्या, हरभरा सोंगणीला आलेला, संत्र्याच्या आंबिया बहाराची बोराएवढी फळे झाडावर धरलेली. वर्षभराचा खर्च झालेला आणि मिळकत अजून शेतातच उघड्यावर पडलेली. वसईच्या वा कोकणच्या माणसाला वादळाची दोन-तीन दिवस आधी वर्दी मिळते, मे २०२१ च्या तौक्ते वादळातही मिळाली होती. गारपिटीची मिळाली तरी उभे पीक घरात कसे आणावे?

आता त्या उत्तरांकडे वळू. सर्वांत जुने उत्तर शिक्षेचे. संकट आले, अर्थी पाप झाले असले पाहिजे. हे उत्तर केवळ अडाण्यांचे आहे असे कोणी समजू नये. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली, तेव्हा महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेले हे शासन आहे, असे जाहीरपणे म्हटले. ज्या हरिजन दौऱ्यात ते हे बोलले तो दौरा यवतमाळच्या शेजारच्या वर्ध्याहूनच नोव्हेंबर १९३३ मध्ये सुरू झाला होता. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे तितकेच कट्टर विरोधक. तरी त्यांनी या विधानाचा जाहीर प्रतिवाद केला आणि गांधीजींनी तो आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला. रवींद्रनाथांचा एक मुद्दा आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. निसर्गातील उत्पाताला पापाची शिक्षा ठरवण्याची ही युक्ती कोणालाही वापरता येते. अस्पृश्यता मोडू पाहणाऱ्यांमुळेच देव कोपला, असे सनातन्यांनीही त्याच तर्काने म्हणावे. शिक्षा कोणत्या पापाची, हे ठरवणारा प्रत्येक जण आपल्या मनातले पापच पुढे करतो. गांधीजींचा हेतू थोर होता, ज्या पापावर त्यांनी बोट ठेवले ते खरोखरच पाप होते. पण बिहारात भिंतीखाली सापडलेल्यांत अस्पृश्यही होतेच.

या प्रश्नावर प्रभू येशूचे स्वतःचे उत्तर आपल्यापाशी आहे आणि ते आपण वाचतोही: दर तीन वर्षांनी प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी संत लूकच्या तेराव्या अध्यायाचा आरंभ मिस्सेत वाचला जातो. लोक येशूकडे बातमी घेऊन आले की पिलाताने काही गालीलकरांची यज्ञ करीत असतानाच कत्तल केली. येशूने त्या बातमीला आपण होऊन दुसरी जोडली, शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेल्याची. आपल्या मराठीत या दोन आपत्तींना फार नेमके शब्द आहेत: पहिली सुलतानी, दुसरी अस्मानी. आणि दोहोंविषयी त्याने एकच सांगितले, की मेलेले लोक वाचलेल्यांपेक्षा अधिक पापी होते असे समजू नका. पश्चात्ताप करा, हे त्याने पुढे म्हटले, पण कोणाला? समोर धडधाकट उभे राहून बातमी सांगणाऱ्यांना. चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पश्चात्तापाचा उपदेश करायला निघालेल्या माणसाने हा उतारा आधी आपल्याला उद्देशून वाचावा.

यावर कोणी म्हणेल की निर्गमाच्या ग्रंथात तर गारपीट ही देवाची शिक्षाच आहे आणि गोशेन प्रांत, जेथे इस्राएल लोक राहत होते, तेवढा त्यातून वाचला आहे. आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. परंतु तेथे देवाचा संदेष्टा आदल्या दिवशी जाऊन राजाला सांगतो, गुरे आणि माणसे आत घ्या म्हणून बजावतो, आणि फारोच्या दरबारातील ज्यांनी ऐकले त्यांची गुरेमाणसे वाचतात. इशारा न देता झोपेत गाठणारा तो देव नव्हे. शिवाय त्या ग्रंथकाराने अंबाडी आणि सातू गेले, गहू उशिराचा म्हणून वाचला, अशी एखाद्या तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी नोंद करून ठेवली आहे. शेतकऱ्याचे नुकसान शत्रूच्या देशातले असले तरी ते नुकसान आहे, हे त्याला ठाऊक होते. आज दारव्ह्यावर का राळेगावावर, कोणाच्या पापासाठी ढग आला, हे सांगणारा मोशे आपल्यात नाही. तो अधिकार नसताना निकाल देणे म्हणजे देवाच्या नावावर खोटी सही करणे होय.

ईयोबाच्या ग्रंथात तर वाराच माणसे मारतो. वाळवंटाकडून सुटलेल्या प्रचंड वाऱ्याने घराचे चारी कोपरे हादरतात आणि ईयोबाची सारी मुले एका पंगतीत दगावतात. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट बसून राहतात. सांत्वनाचे याहून चांगले काम त्या मित्रांनी पुढे केलेले नाही. आठव्या दिवशी ते बोलू लागतात आणि तेथून सगळे बिघडते: तू काहीतरी केले असशील, तुझ्या मुलांनी केले असेल, आठवून पाहा. ग्रंथाच्या अखेरीस देव वावटळीतून बोलतो खरा. पण मुले का मेली याचे कारण तो सांगत नाही. तू गारांची भांडारे पाहिली आहेस काय, असे उलट ईयोबालाच विचारतो, आणि मित्रांना मात्र सांगतो की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत. याच पवित्र शास्त्रात एलियाच्या कथेत देव सोसाट्याच्या वाऱ्यात नसतो, नंतर आलेल्या मंद स्वरात असतो. एके ठिकाणी वादळातून बोलणारा, दुसऱ्या ठिकाणी वादळात नसणारा. त्यावरून नियम बांधू पाहणाऱ्याची दोन्हीकडे निराशा होते.

दुसरे उत्तर निकालाचे नाही, उपायाचे आहे: संकट वळवता येते. विदर्भाला या बाबतीत मोठी परंपरा आहे. रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गारपगारी या जातीची नोंद आहे. गावावर येणारी गारपीट मंत्राने अडवणे हे तिचे काम, आणि त्यासाठी गावाने तिला पोसायचे. आज हे वाचून हसू येत असेल, तर आपल्याही घरात डोकावून पाहू या. युरोपातील कित्येक चर्चच्या घंटांवर ‘मी वीज मोडते’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले असत आणि वादळ आले की त्या घंटा जोरजोराने वाजवल्या जात. उंच मनोऱ्याखाली ओला दोर धरून उभा असलेला घंटा वाजवणाराच विजेने मरे, हे वारंवार घडल्यावर अठराव्या शतकात काही राज्यांनी ती प्रथा कायद्याने बंद केली. झावळ्यांच्या रविवारी आणलेली आशीर्वादित झावळी वादळात जाळण्याची रीत अनेक कॅथोलिक देशांत होती. वीज आणि वादळ यांपासून सुटका मागणारी विनंती संतांच्या जुन्या लितानीतही होती.

अशी प्रार्थना करू नये, असे आम्ही म्हणत नाही. लेकराने आभाळाकडे पाहून बापाला हाक मारली तर त्यात अंधश्रद्धा कसली? आमची अडचण निराळी आहे. गारपगाऱ्याने शिवेवर अडवलेली गार जाईल कोठे? ढग तर भरलेला आहे. आपल्या शिवारावरून तो पुढे सरकला, म्हणजे पुढच्या गावावर रिता होणार. ‘माझ्यावर नको’ या मागणीच्या पोटात ‘त्याच्यावर चालेल’ ही मुभा दडलेली असू शकते. मागणाऱ्याला ती दिसतही नाही. गेथशेमाने बागेत प्रभूनेही प्याला टळावा अशी प्रार्थना केली, म्हणून संकट टळो म्हणणे पाप नव्हे. पण तो दुसऱ्या कोणाच्या हाती जावा असे त्याने म्हटले नाही. आणि जी प्रार्थना त्याने आपल्याला शिकवली तिच्यात ‘माझी’ हा शब्द नाही, ‘आमची’ आहे. हा ‘आमची’ कोठपर्यंत पसरतो, धुऱ्यापर्यंत, शिवेपर्यंत, धर्मग्रामापर्यंत की त्यापलीकडे, हा सगळा वादाचा विषय आहे. कॅथोलिक कुटुंबे या जिल्ह्यात फार थोडी. चिखलात उभा असलेला शेजारी बहुधा आपल्या चर्चमध्ये येणारा नसतो. तो बौद्ध असेल, कुणबी असेल, बंजारा असेल, पोडावरचा कोलाम असेल. त्या ‘आमची’त तो नसेल, तर मग प्रार्थना कोणाची झाली?

चिन्हे शोधण्याच्या हौसेविषयीही येथेच बोलून घेऊ. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या जोप्लिन शहरातून जवळजवळ मैलभर रुंदीचा टॉर्नेडो गेला. दीडशेहून अधिक माणसे मेली. तेथील संत मरियेचे कॅथोलिक चर्च जमीनदोस्त झाले, पण त्याचा उंच क्रूस उभा राहिला आणि त्याचे छायाचित्र जगभर गेले. त्या क्रूसाकडे पाहून उद्ध्वस्त लोकांना धीर आला असेल तर आम्ही त्यांच्यापुढे मस्तक नमवतो. परंतु देवाने आपला क्रूस राखला, असे आपण इतक्या दुरून म्हणू लागलो, तर लोखंडाचा खांब राखणाऱ्या देवाला शेजारच्या घरातली मुले राखता आली नाहीत काय, या प्रश्नाला तोंड द्यावे लागेल. त्याच शहरातील मर्सी या कॅथोलिक संस्थेचे रुग्णालयही त्या दिवशी निकामी झाले. काम करायला इमारत उरली नसतानाही संस्थेने तेथील सेवकवर्गाचे वेतन चालू ठेवले आणि पुढे २०१५ साली नवे रुग्णालय उघडले. याचे छायाचित्र कोणी काढले नाही. काढता येण्यासारखे ते नव्हते. आम्हांला मात्र पगारपत्रकातला तो क्रूस अधिक स्पष्ट दिसतो.

जोप्लिनची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तेथे भोंगे वेळेवर वाजले होते. पण एरवीही ते इतक्यांदा वाजत की पुष्कळांनी ताबडतोब आसरा घेतला नाही, असे नंतरच्या चौकशीत दिसून आले. आपल्याकडे विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, बहुतेक शेतात, पुष्कळशी झाडाखाली. सूचना ऐकून घरात येणे हा अविश्वास नव्हे. देवाची परीक्षा पाहू नये, हे मंदिराच्या शिखरावर उभे असताना प्रभूनेच सैतानाला ऐकवले होते. मात्र रोजंदारीवर निंदणाऱ्या बाईला काम टाकून घरी जाण्याची मुभा आहे काय? तिचा रोज कोण देणार? ॲप तिच्या मालकाच्या खिशात असते.

हा प्रश्न आपल्याला तिसऱ्या उत्तरापाशी आणतो आणि आमच्या मते हेच उत्तर सर्वांत घातक आहे. ते म्हणते: ही देवाची करणी, तिच्यापुढे कोणाचे काय चालणार? ऐकायला नम्र, पण त्या नम्रतेच्या आडोशाला किती गोष्टी झाकल्या जातात! १७५५ साली सर्व संतांच्या सणादिवशी लिस्बन शहर भूकंपाने कोसळले, लोक चर्चमध्ये असतानाच. त्यावर युरोपातील विचारवंत ईश्वराच्या न्यायाविषयी वाद घालत असता रूसोने व्हॉल्टेअरला एक साधी गोष्ट लिहिली: सहा-सात मजल्यांची हजारो घरे तेथे दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे घडले त्यात धक्का भूमीचा होता, पण गणेशविसर्जनानंतर थकून झोपलेली हजारो माणसे ज्या भिंतींखाली गेली त्या दगडमातीच्या, हातभर जाडीच्या भिंती माणसांनी रचलेल्या होत्या. शिलोहाचा बुरूज तरी कोणी बांधला होता?

यवतमाळच्या गावात, तांड्यावर, पोडावर पाहावे. कुडाच्या भिंती, वर टिनपत्रे, आणि ती उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. झंझावात येतो तेव्हा दगड घरात पडतात आणि पत्रे शेजाऱ्याच्या अंगावर जातात. ज्याचे छप्पर सिमेंटचे त्याच्यावरून तोच वारा शीळ घालीत निघून जातो. मग वाऱ्याने निवड केली असे म्हणायचे की आपण आधीच करून ठेवली होती? पुढे पंचनामा येतो. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. तीस टक्के गेलेल्याचे काही गेले नाही. मदत ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याला. बटईने वा मक्त्याने वावर करणारा, ज्याने बियाण्याला नि खताला पैसे घातले, तो कागदावर कोठेच नाही. ज्या मजुराची सोंगणी बुडाली त्याचे तर पीकच नव्हते. गार सर्वांवर सारखी पडली असती तरी तिचे ओझे सारखे पडले नसते. हे अस्मानीचे काम नव्हे.

याच जिल्ह्यातील महागाव तालुक्याच्या चिलगव्हाण गावच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. अलीकडे त्या दिवशी अनेक लोक अन्नत्याग करून त्यांचे स्मरण करतात. आपल्या दिनदर्शिकेत तो संत योसेफचा सण, कष्टकरी कुटुंबप्रमुखाचा. अशा मृत्यूविषयीही आपण पूर्वी झटकन निकाल देत असू. आज चर्चची शिकवण तो निकाल राखून ठेवते. असह्य मनोवेदनेत माणसाची जबाबदारी कमी होते असे ती मानते, आणि अशा मृतांच्या तारणाविषयी आशा न सोडता त्यांच्यासाठी प्रार्थना करते. जी सबुरी चर्च मेलेल्यांच्या बाबतीत शिकली ती आपण जिवंतांच्या बाबतीतही शिकायला हवी. गारपिटीनंतरच्या आठवड्यात ज्या घरात चूल थंड आहे, तेथे जाऊन ‘पीकविमा का काढला नाही’ किंवा ‘संत्रा लावायला सांगितले कोणी’ असे विचारणे, हा ईयोबाच्या मित्रांचा आठवा दिवस झाला.

मग वाचलेल्याने ‘देवाने वाचवले’ असे म्हणूच नये काय? आम्हांला वाटते, म्हणावे. पण ते वाक्य पुरे करावे. परुशी मंदिरात उभा राहून आभारच मानीत होता, आणि तो इतरांसारखा नाही याबद्दल मानीत होता. त्याचे आभार रिकामे परतले. ज्याचा गहू उभा राहिला त्याची निवड झालेली नाही, त्याच्यावर काम येऊन पडले आहे. दोन हात रुंदीच्या धुऱ्याने त्याला उजवे ठरवले नाही, त्याला फक्त देण्याजोगे ठेवले. त्याच्या कोठारातील काही पोती आता पूर्वीइतकी त्याची राहिलेली नाहीत. हे कठोर वाटेल. ज्याने वर्षानुवर्षे स्वतः मार खाल्ला आहे, त्याला एका वर्षीच्या बचावावर कर लावल्यासारखे वाटेल. त्याची बाजू आम्ही नाकारीत नाही. पुढच्या वर्षी पट्टा धुऱ्याच्या अलीकडून जाणार नाही याची हमी त्याला कोणी दिलेली नाही, आणि म्हणून साठवून ठेवण्याची त्याची भीती खरी आहे. परंतु शेजाऱ्याची भीतीही तीच आहे. दोघांच्या भीतीला एकच औषध आहे: ज्याच्यावर पडेल त्याला दुसऱ्याने उचलायचे, हा दोघांमधला करार. विम्याची कागदपत्रे निघण्याच्या कितीतरी आधी गावगाड्याने तो काही अंशी पाळला, काही अंशी, जातीच्या भिंती आड आल्या तेथे, मोडला.

शिलोहाच्या बुरुजानंतर लगेच, त्याच वाचनात, येशूने अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली आहे. मालक झाड तोडायला निघतो आणि माळी म्हणतो, एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. अठरा माणसे का मेली याचे उत्तर सोडून येशू खतावर आला, याचा भाष्यकार पुष्कळ गूढ अर्थ लावतात. आम्हांला त्यातला शेतकी अर्थही पुरेसा वाटतो. बोलणे थांबवून खोदायला लागणे, आणि निदान एक हंगाम मिळवून देणे.

अमरावती धर्मप्रांतातील लहान धर्मग्रामांना आणि त्यांच्या मागे उभ्या राहू शकणाऱ्या किनाऱ्याकडील मोठ्या धर्मग्रामांना हे जमण्यासारखे आहे. धान्य आणि कपडे लोक देतातच. जुन्या कपड्यांचे गठ्ठे तर नको इतके येतात. जे सहसा कोणी करीत नाही ते असे: पंचनाम्याच्या आधी वाडीवाडीतून फिरून सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटईदारांची, मजुरांची, जमीन सासऱ्याच्या नावावर राहिलेल्या विधवांची यादी करणे, तलाठ्यापुढे आणि कृषी सहायकापुढे ती ठेवणे, आणि जे सरकारच्या रकान्यात बसणार नाहीत त्यांच्यासाठी धर्मग्रामाचा निधी राखणे. टिनपत्र्यांवर दगड ठेवण्याऐवजी ती आकड्यांनी नि खिळ्यांनी वाशांना जखडून देणे. चार तरुण एका दिवसात दोन घरे करू शकतात. विजेचा इशारा आला की मजुरांना अर्धा दिवस भरपगारी सुट्टी द्यायची, असे आपल्या धर्मग्रामातील शेतमालकांनी तरी आपापसांत ठरवणे. आणि बियाणे. गारपीट मार्चमध्ये होते, सहानुभूती एप्रिलपर्यंत टिकते, सावकार मात्र मे महिन्यात दारी येतो. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो, पऱ्हाटी नि तूर पेरायची वेळ येते. तूर, सोयाबीन आणि सरकीच्या पिशव्या त्याच्या निदान दोन आठवडे आधी घरात पोचलेल्या असाव्यात.